पैसे मिळालेल्या चुका

मेडिकल कोडिंगच्या कामात चुका दोन जातींच्या असतात. काहींचे पैसे विमा कंपनी नाकारते, काहींचे बिनबोभाट मिळतात. पहिल्या जातीच्या चुकांनी मला काम शिकवलं. दुसऱ्या जातीच्या चुकांनी मला बढती दिली. त्या कुणी पकडल्या नाहीत, म्हणून बराच काळ मी त्यांना चुका मानतच नव्हते.

हे काम बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागतं. अमेरिकेत डॉक्टर रुग्णाला तपासतो, रक्त काढून घेतो आणि दोन ओळींची नोंद करतो. ती नोंद वाचून त्याचे कोड लावणारी माणसं पुण्यात, नवी मुंबईत, नागपुरात बसलेली असतात. मी खराडीतल्या एका कंपनीत बसते. केलेल्या कामाचा कोड म्हणजे सीपीटी. तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा, १९६६ पासून चालत आलेला. कारणाचा कोड म्हणजे आयसीडी-१०. तो तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाला. सीपीटी सांगतो काय केलं, आयसीडी सांगतो का केलं. दोघांची जोडी विमा कंपनीला पटली तर पैसे, नाहीतर डिनायल.

मी मूळची डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञ. सांगलीतल्या एका लॅबमध्ये काही वर्षं रक्त काढलं, सेंट्रिफ्यूज फिरवली, रिपोर्ट टाइप केले. तिथे भिंतीवर दरपत्रक होतं. उपाशीपोटी आलेला माणूस 'लिपिड प्रोफाइल' म्हणायचा, पैसे मोजायचा आणि दुपारी रिपोर्ट न्यायचा. तपासणी का करताय, हे विचारायचं आम्हाला कारण नव्हतं. पैसे त्याचे, रक्तही त्याचं. खराडीत आल्यावर माझ्या आजूबाजूला बीफार्म, बीएचएमएस, फिजिओथेरपी झालेली मुलं होती, पण प्रत्यक्ष सीरममध्ये हात घातलेली मी एकटी. त्यामुळे लॅबचे क्लेम माझ्याकडे आले. कोलेस्टेरॉलच्या क्लेमवर कुणाची गाडी अडली की 'लिपिडवाल्या ताईंना विचार' असं होऊ लागलं. या बिरुदाचा मला फार अभिमान होता, आणि पुढच्या सगळ्या चुका त्या अभिमानातूनच झाल्या.

नाकारल्या गेलेल्या चुका आधी सांगते, कारण त्या सोप्या आहेत. मेडिकेअर म्हणजे प्रामुख्याने ६५ वर्षांवरच्यांसाठीचा सरकारी विमा. हृदयविकाराची कुठलीही लक्षणं नसलेल्या माणसाची लिपिड तपासणी मेडिकेअर पाच वर्षांतून एकदा फुकट करून देते. ही सोय १ जानेवारी २००५ पासून सुरू झाली. असे क्लेम पहिल्यांदा आले तेव्हा मी कोडच्या यादीत शोधलं, तर 'लिपिड विकारांसाठी चाळणी तपासणी' या अर्थाचा झेड१३.२२० समोर आला. याहून नेमका कोड कुठला असणार? मी तो लावत गेले आणि क्लेम परत येत गेले. मेडिकेअरला हवा होता झेड१३.६, म्हणजे 'हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांसाठी चाळणी'. कायद्याने सवलत हृदयविकार हुडकण्यासाठी दिलेली आहे. लिपिड हे फक्त त्याचं साधन. मी साधनाचा कोड लावत होते, हेतूचा नाही. कोडचं वर्णन जुळलं की काम झालं असं नाही, कोण कशासाठी पैसे देतंय तेही बघावं लागतं, हा धडा तिथेच घ्यायला हवा होता. मी घेतला तो एवढाच, की मेडिकेअरला झेड१३.६ चालतो.

तसंच क्यूडब्ल्यूचं. काही दवाखान्यांत बोटाला टोचून छोट्या यंत्रावर तिथल्या तिथे लिपिड पॅनेल करतात. १९८८ च्या सीएलआयए कायद्याप्रमाणे प्रत्येक लॅबला प्रमाणपत्र लागतं, पण सोप्या तपासण्या करणाऱ्यांना सवलतीचं प्रमाणपत्र पुरतं. अशा वेळी कोडला क्यूडब्ल्यू हा मॉडिफायर जोडायचा आणि क्लेम फॉर्मच्या २३ व्या रकान्यात सीएलआयए नंबर टाकायचा. मी क्यूडब्ल्यू विसरले. मोठ्या ॲनलायझरवर काम केलेल्या मला बोटावरची तपासणी ही तपासणीच वाटत नव्हती. क्लेम नाकारले गेले, दुरुस्त करून पाठवले, पैसे आले. या चुकांची लाज वाटली, पण झोप उडाली नाही. यंत्रणा ओरडून सांगते आणि आपण दुरुस्त करतो.

आता दुसऱ्या जातीच्या.

लिपिड पॅनेलचा कोड ८००६१. त्यात तीन तपासण्या धरलेल्या आहेत: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्स. तिघींना स्वतःचे कोडही आहेत, पण तिन्ही एकत्र केल्या तर पॅनेलचाच कोड लावायचा. थाळी मागवल्यावर वाटीगणिक बिल लावायचं नाही, तसं. मी हे क्लेम करत होते त्या काळात मेडिकेअरच्या दरपत्रकात पॅनेलचे १३ डॉलर ३९ सेंट होते आणि तिन्ही सुट्या लावल्या तर बेरीज १८ डॉलरच्या पुढे जायची. हे सुटं लावणं मी कधी केलं नाही. ते पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि तसं केलं की सॉफ्टवेअर लाल होतं.

माझी चूक एलडीएलमध्ये झाली. रिपोर्टवर एलडीएलचा आकडा असतोच, पण बहुतेक वेळा तो मोजलेला नसतो, गणिताने काढलेला असतो. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करा, उरेल तो एलडीएल. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र कोलमडतं आणि मग एलडीएल थेट मोजावा लागतो. त्या थेट मोजणीचा कोड ८३७२१. गणिताला पैसे नाहीत, मोजणीला आहेत. सांगलीत मी हे सूत्र वहीवर आकडे मांडून वापरलेलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आमच्या एका क्लायंटची, डॉक्टरांच्या एका गटाची, स्वतःची लॅब होती. त्यांच्या ऑर्डरमध्ये छापील वाक्य असायचं: लिपिड पॅनेल, गरज पडल्यास थेट एलडीएल. याला तिथे रिफ्लेक्स ऑर्डर म्हणतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० ओलांडले तरच लॅबने पुढची तपासणी करायची. मी ऑर्डरमधलं 'थेट एलडीएल' वाचलं, रिपोर्टवर एलडीएलचा आकडा पाहिला आणि ८३७२१ लावला. सॉफ्टवेअरने अडवलं: हा कोड ८००६१ बरोबर जात नाही. जात असेल तर मॉडिफायर ५९ लावा, म्हणजे ही वेगळी तपासणी आहे असं सांगा. मी ५९ लावला. क्लेम गेला. दहा-अकरा डॉलर जास्तीचे आले. पुढच्या क्लेमला अडवणूक होण्याआधीच ५९ लावला. काही महिने मी असाच हात चालवला. डिनायल नाही, तक्रार नाही, उलट माझा वेग वाढला म्हणून कौतुक.

मॉडिफायर ५९ म्हणजे संगणकाला दिलेलं वचन असतं, की मी कागद पाहिलाय, ही तपासणी खरोखर स्वतंत्रपणे झालीय. मी कागद पाहत होते, पण ट्रायग्लिसराइड्सच्या ओळीवर थांबत नव्हते. त्या ओळीवर १४० असायचे, १८० असायचे. तेवढी एक ओळ वाचली असती तरी थेट मोजणी झालीच नाही हे कळलं असतं.

हे निघालं क्लायंटने बाहेरून ऑडिट करून घेतलं तेव्हा. ऑडिटर मॅडम मराठीच निघाल्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी एक रिपोर्ट उघडला आणि शांतपणे विचारलं, "ताई, हा एलडीएल कुठल्या यंत्राने मोजला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांनी मग एकच वाक्य ऐकवलं: "तुम्हाला लॅब येते म्हणून तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

पुढचं काम कंटाळवाणं आणि लाजिरवाणं होतं. २०१० च्या कायद्याने मेडिकेअरकडून जास्त पैसे आल्याचं लक्षात आल्यावर ते ६० दिवसांत परत करायचे असतात. ५९ लावलेला प्रत्येक क्लेम उघडायचा, ट्रायग्लिसराइड्स बघायचे, पैसे परत करायची यादी करायची. मीच ती यादी केली. एकेका क्लेमची रक्कम वडापाव-चहाच्या हिशेबातली नसली तरी अमेरिकेच्या मानाने किरकोळ. पण यादी खाली खाली सरकत जाते तसा 'किरकोळ' शब्द उच्चारायचं धाडस जातं.

त्याच सुमारास मॅडमनी मला एका जुन्या खटल्याबद्दल वाचायला सांगितलं. कॅलिफोर्नियातल्या ला होया इथली नॅशनल हेल्थ लॅबोरेटरीज ही बडी लॅब. तिने आपल्या नेहमीच्या रक्ततपासणीच्या पॅनेलमध्ये एचडीएल आणि फेरिटिन घुसवले. डॉक्टरांना वाटलं, जवळपास फुकटात मिळतंय. सरकारला मात्र त्यांची वेगळी बिलं गेली. डिसेंबर १९९२ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि १११ दशलक्ष डॉलर भरले. त्यानंतर सरकारने इतर मोठ्या लॅबही तपासायला घेतल्या. त्या मोहिमेला लॅबस्कॅम असं नाव पडलं. वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्यांनी जाणूनबुजून केलं होतं, मी काही जाणूनबुजून केलं नव्हतं. मग फॉल्स क्लेम्स ॲक्ट वाचला. यादवी युद्धात लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्यांना चाप लावायला १८६३ मध्ये केलेला हा कायदा अजून चालू आहे. त्यात 'जाणूनबुजून' या शब्दाची व्याख्या मुद्दाम दिलेली आहे: खरं-खोटं पाहायची जबाबदारी असताना डोळेझाक करणं आणि बेपर्वाई करणं हेही त्यातच मोडतं. फसवायचा इरादा सिद्ध करायची गरज नाही. बरं वाटणं तिथेच संपलं.

पण या चुकीत नुकसान सरकारी तिजोरीचं होतं. पुढची चूक एका माणसाच्या अंगावर गेली.

एका बाईंची नोंद होती. थकवा येतो, वजन वाढलंय. लिपिड आणि थायरॉइड तपासा. एवढंच. डॉक्टरांनी निदान लिहिलेलं नव्हतं, म्हणून कारणाचा कोड थकव्याचाच लागायला हवा होता. पण थकव्यासाठी लिपिड पॅनेलचे पैसे मिळायचे नाहीत, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. रिपोर्ट तोवर आलेला होता. एकूण कोलेस्टेरॉल २६२. लॅबमध्ये असताना २०० च्या वरचा आकडा ठळक छापायची मला सवय. माझ्या डोक्यात तो आकडा म्हणजेच आजार होता. मी ई७८.०० लावला, हायपरकोलेस्टेरोलेमिया. पैसे आले.

काही महिन्यांनी त्या बाईंची तक्रार क्लायंटमार्फत आमच्यापर्यंत आली. विमा कंपनीच्या नोंदीत त्यांच्या नावावर कोलेस्टेरॉलचा आजार लागलेला होता आणि डॉक्टरांनी त्यांना असं कधीच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं नव्हतं, कारण तसं नव्हतंच. त्यांना हायपोथायरॉइडिझम होता. थायरॉइड मंदावली की कोलेस्टेरॉल वाढतं, आणि थायरॉक्सिन सुरू केल्यावर बऱ्याचदा आपसूक उतरतं. हे मी परीक्षेला लिहिलेलं आहे.

नियम सरळ आहे. बाह्यरुग्णाच्या बाबतीत 'असू शकतं', 'शंका आहे' अशी निदानं कोड करायची नाहीत, आणि लॅबच्या आकड्यावरून कोडरने स्वतः निदान काढायचं नाही. आकड्याचा अर्थ डॉक्टर लावतो. नोंद अपुरी असेल तर डॉक्टरांना प्रश्न पाठवायचा, आणि तोही मोकळा. 'कोलेस्टेरॉलचा आजार म्हणू का?' असं विचारायचं नाही, 'ही तपासणी कशासाठी मागवली?' असं विचारायचं. मला हे पाठ होतं. मी प्रश्न पाठवला नाही, कारण उत्तर यायला दोन दिवस लागतात आणि क्लेम रांगेत पडून राहतो.

आम्ही दुरुस्त क्लेम पाठवला, डॉक्टरांनी नोंदीला पुरवणी जोडली. पण एकदा पाठवलेला कोड कुठे कुठे पोचला असेल हे आमच्या हातात राहत नाही. सांगलीत चुकीचा रिपोर्ट गेला तर मी फोन करून परत मागवू शकत होते. इथे फोन कुणाला करणार?

आणि आता एका एक्सेल शीटची गोष्ट. ही माझी सगळ्यात मोठी चूक, आणि तिचंच सगळ्यात जास्त कौतुक झालं.

मेडिकेअरचा लिपिड तपासणीसाठी राष्ट्रीय नियम आहे, क्रमांक १९०.२३. कोणत्या कारणासाठी ही तपासणी योग्य, याची तो यादी देतो: हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार, मधुमेह, थायरॉइडचे विकार, नेफ्रोटिक सिंड्रोम, त्वचेवर दिसणाऱ्या चरबीच्या गाठी वगैरे. औषधं चालू असलेल्या रुग्णाचं पॅनेल साधारण वर्षातून एकदा. उपचारांच्या पहिल्या वर्षात पॅनेलमधली एखादी सुटी तपासणी सहा वेळांपर्यंत. नियम चांगला आहे, कारण तो 'का' विचारतो. मी त्याची एक्सेल केली. डाव्या रकान्यात परत येणारे कोड, उजव्या रकान्यात त्यांच्या जवळपासचे चालणारे कोड. थकवा परत आला? रुग्णाच्या जुन्या नोंदीत मधुमेह आहे का बघा, तो लावा. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, काहीतरी सापडतंच. टीम लीडरने ती शीट नव्या मुलांच्या प्रशिक्षणात घेतली. तिच्या पहिल्या ओळीत माझं नाव होतं. डिनायल झरझर उतरले. मी सीनियर कोडर झाले.

शीटमध्ये दयेचाही एक रकाना होता. अमेरिकेत २०१० नंतर बहुतेक खासगी विम्यांत प्रतिबंधक तपासण्यांना रुग्णाला पैसे पडत नाहीत. पण आधीच गोळ्या चालू असलेल्या माणसाची लिपिड तपासणी ही देखरेख असते, चाळणी नव्हे. तिचे पैसे त्याच्या डिडक्टिबलमधून, म्हणजे खिशातून जातात. असे रुग्ण चिडून फोन करत आणि क्लायंटकडून विनंती येई, 'चाळणीचा कोड लावता येईल का?' मी लावून द्यायची. म्हाताऱ्या माणसाचे पैसे वाचवले याचं समाधान मिळायचं. खोटा कोड कुणाच्या भल्यासाठी लावला म्हणून खरा होत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच निर्दय ठरवलं असतं.

ऑडिटच्या शेवटी मॅडमनी एक जुना सरकारी कागद पाठवला. लॅबस्कॅमनंतर अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑगस्ट १९९८ मध्ये लॅबसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. त्यात काय करू नये याची छोटी यादी आहे. आधीच्या तारखेच्या भेटीतलं निदान उचलून आजच्या क्लेमला लावू नये. पूर्वी ज्यांचे पैसे मिळाले अशा निदानांच्या कॉपीच्या चिठ्ठ्या ठेवू नयेत. डॉक्टरांनी न दिलेलं निदान संगणकाने आपोआप भरू नये. क्लेमसाठी माहिती रचू नये.

मी सांगलीत मिसरूड फुटलेल्या पोरांना लॅबचं काम शिकवत होते, त्याच्याही आधीचा हा कागद. माझी एक्सेल त्यात जवळजवळ ओळीने वर्णन केलेली होती. मला वाटलं होतं मी काहीतरी नवीन शोधून काढलंय.

नव्या मुलांना ती शीट विसरायला लावणं सोपं नव्हतं. एक मुलगा म्हणाला, "ताई, पण ती चालते ना?" प्रश्न बरोबर होता. शीट चालतच होती. आमच्या कामाचं मोजमाप 'क्लेम चालला की नाही' यावर होतं, आणि मी त्या मोजमापाप्रमाणे उत्तम कोडर होते. त्याला मी नियम सांगितला नाही. त्या थायरॉइडवाल्या बाईंचा क्लेम उघडून दिला आणि म्हटलं, "या बाईंना काय झालंय ते नोंदीवरून सांग, रिपोर्ट न उघडता." त्याने नोंद वाचली, आणि थकवा म्हणाला. मग मी रिपोर्ट उघडला. २६२ वर त्याची नजर थांबली आणि हात कोडच्या खिडकीकडे गेला, माझा जायचा तसाच.

आता मीही ऑडिट करते. तपासायला क्लेम निवडताना नाकारलेले थोडे घेते, मंजूर झालेले जास्त. नाकारलेल्यांची काळजी विमा कंपनी घेतेच. कोडरने कारण ठरवेपर्यंत रिपोर्ट उघडायचा नाही, असा नियम मी टीमला लावलाय. रिपोर्ट लागतो तो तपासणी झाली का आणि कशी झाली हे पाहायला, ८३७२१ सारख्या ठिकाणी. थकव्याचे क्लेम आता थकव्याच्या कोडनेच जातात, किंवा डॉक्टरांना प्रश्न जातो आणि दोन दिवस थांबतात. गोळ्या चालू असलेल्यांना चाळणीचा कोड मिळत नाही. चिडलेल्या फोनांना क्लायंटचे लोक उत्तर देतात आणि मला बोल लावतात.

शीट बंद केल्यानंतरच्या तिमाहीत आमचे डिनायल वाढले. क्लायंटच्या बैठकीसाठी अहवाल करायचा होता आणि त्यात वाढीचं कारण लिहायचा रकाना होता. टीम लीडरने 'विमा कंपन्यांची धोरणं बदलली' असं सुचवलं. मी ते खोडून लिहिलं: कोड आता डॉक्टरांच्या नोंदीप्रमाणे लावले जातात, पूर्वी लावले जात नव्हते.